सेवापूर्तीची मिरवणूक, आणि अजून सीमेवर असलेल्यांच्या घरांसाठी आपण काय करावे?

खटावचा धाकटा

सर्वांना नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये २४ वर्षांची सेवा पूर्ण करून या महिनाअखेरीस हवालदार म्हणून निवृत्त होत आहे. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये कागदपत्रे पूर्ण झाली की तो घरी येईल, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत तो ‘पेन्शन येत आहे’.

गावातील तरुण मंडळाने त्याच्या स्वागताचा मोठा बेत आखला आहे. फाट्यापासून भैरवनाथाच्या देवळापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक, ढोलताशा, डीजे, जेसीबीच्या बकेटमधून फुलांची उधळण, आणि चौकात दादाचा गणवेशातील पंधरा फुटी फ्लेक्स. वर्गणीही बऱ्यापैकी जमली आहे. या सगळ्यामागचे प्रेम खरे आहे, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु मी वहिनीला तिचे मत विचारले तेव्हा ती भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, “उजेडी घरी आले म्हणजे झालं.” त्यानंतर मला ती मिरवणूक पहिल्यासारखी दिसेना.

दुसरी गोष्ट अशी की आजमितीस आमच्या गावातील ३१ घरांतील मुले सैन्यात आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा सीमेकडच्या तैनातीवर आहेत. मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की वर्गणीतील काही रक्कम या घरांसाठी ठेवावी. सर्वांनी माना डोलावल्या, पण नेमके काय करायचे हे कोणालाच सांगता आले नाही. कोणी साडीवाटप म्हणाले, कोणी भेटवस्तू, कोणी ‘वीरपत्नी सन्मान’ म्हणाले. शेवटच्या सूचनेवर एक काकू उठून म्हणाल्या, “आमची माणसं जिवंत आहेत, बाबांनो.” बैठक तिथेच संपली.

ज्यांनी हे आयुष्य स्वतः काढले आहे त्यांच्याकडून मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जवान दूर असताना त्याच्या घराला खरोखर कशाची गरज असते? आणि चोवीस वर्षांनी कायमचा घरी येणाऱ्या माणसाचे स्वागत कसे असावे, म्हणजे ते त्याच्या घरच्यांनाही स्वागत वाटेल?

---

माहेर कराड

भाऊ, तुमच्या वहिनींचे वाक्य मी दोनदा वाचले. वाट पाहणाऱ्या बाईच्या मनात सत्कार येतच नाही, तिच्या मनात गाडीची वेळ असते. माझे पती १५ वर्षे सेवेत आहेत आणि त्यांतील सलग एकत्र राहिलेला काळ, दोन पीस पोस्टिंग (कुटुंब सोबत ठेवता येते अशा नेमणुका) मिळून, साडेचार वर्षांचा आहे. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. हिशेबाने हे तीन महिने होतात, परंतु रजा तुकड्यातुकड्यांनी मिळते, मंजूर झालेली पुढे ढकलली जाते, आणि बर्फामुळे रस्ता बंद झाला तर माणूस ट्रान्झिट कॅम्पमध्ये अडकून पडतो. झेलम एक्स्प्रेस जम्मूहून सुटली की पुण्याला पोहोचायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. त्या दीड दिवसात माझ्या सासूबाई प्रत्येक जेवणाच्या वेळी “आता कुठवर आला असेल?” असे विचारतात आणि मी प्रत्येक वेळी अंदाजाने एखाद्या स्टेशनचे नाव सांगते. भोपाळ म्हटले की त्यांना बरे वाटते. का, ते मला आजवर कळलेले नाही.

दारात आल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचे, औक्षण करायचे, हे सगळे होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु घरी येणे त्या दिवशी पूर्ण होत नाही. आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना वडील पाच महिन्यांनी आले, तेव्हा तो माझ्या पदरामागे लपला आणि रात्री “हे काका कधी जाणार?” असे त्याने विचारले. पती हसले, पण नंतर बराच वेळ अंगणात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांच्याकडे गेला, आठव्या दिवशी त्यांच्यावाचून जेवेना, आणि विसाव्या दिवशी ते परत निघाले. जाण्याच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या घरात विनाकारण भांडणे होतात. आता मला त्याचे कारण कळते, म्हणून मी त्या भांडणांना फारसे महत्त्व देत नाही.

अडचणीची आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी बायका उघडपणे बोलत नाहीत. ते नसताना गॅसपासून शाळेच्या फीपर्यंत आणि विहिरीच्या मोटारीपासून सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सर्व निर्णय मी घेते. ते आले की दोन दिवसांत घराची व्यवस्था बदलू पाहतात. त्यांच्या दृष्टीने तो मदतीचा हात असतो, माझ्या दृष्टीने ती बसलेली घडी विस्कटणे असते. तुमचे दादा तर कायमचे येत आहेत. त्यामुळे वहिनींनी चोवीस वर्षे चालवलेले घर त्यांना आधी काही दिवस नुसते पाहू द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. छावणीत असताना आम्हाला फारशी मदत लागत नसे. नवऱ्याची फिल्डला बदली झाली तरी कुटुंबाला वेगळ्या निवासात राहता येते, ज्याला सगळे ‘एसएफ क्वार्टर’ म्हणतात. क्वार्टर मिळायला प्रतीक्षायादी असते, पण एकदा मिळाले की शेजारची प्रत्येक बाई त्याच परिस्थितीत असते, जवळ मिलिटरी हॉस्पिटल असते आणि ‘आवा’ म्हणजे सैनिकपत्नींच्या कल्याण संघटनेच्या फॅमिली वेल्फेअरच्या बैठकांना जाणे होते. तिथे कोणी कोणाची कीव करत नाही. सासरी गावात राहायला आल्यावर मात्र मी एकदम ‘नवरा नसलेली’ झाले. कोणी मदत करायला आले तर त्याच्या येण्याची चर्चा होते, आणि कोणी आले नाही तर रात्री अडीच वाजता तापाने फणफणलेले मूल घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ, हा प्रश्न उरतो. म्हणून मंडळाला काही करायचे असेल तर हे करावे: गाडी असलेल्या तीन-चार घरांनी, आणि त्या घरांतील बायकांसह, असे जाहीर करावे की रात्रीअपरात्री दवाखान्यात न्यायला आम्हाला हाक मारा. घरातील बाई सोबत आली की गावाची तोंडेही बंद राहतात. साडी नको, भाऊ. साड्या आहेत आमच्याकडे.

शेवटची गोष्ट बातम्यांची आहे. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, रजेवर आलेल्या अनेक जवानांना तातडीने परत बोलावले गेले आणि माझे पतीही रजेच्या आठव्या दिवशी निघाले. पुढचे चार दिवस त्यांचा फोन नव्हता. दूरचित्रवाणीवर युद्धाचे भोंगे वाजत होते आणि गल्लीतील प्रत्येक माणूस येऊन विचारत होता, “काही फोन आला का?” विचारणाऱ्याला ती आस्था वाटते, पण ज्याला दिवसातून चाळीस वेळा ‘नाही’ म्हणावे लागते त्याचे काय होते हे त्याला ठाऊक नसते. आमच्या शेजारच्या मावशींनी मात्र काहीही विचारले नाही. त्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या, टीव्ही बंद केला आणि माझ्यासोबत बसून भाजी निवडू लागल्या. रोज संध्याकाळी येत होत्या. त्या चार दिवसांत आमच्या घरी इतकी मेथी झाली की मुलगा अजून त्या भाजीला हात लावत नाही.

---

निवृत्त सुभेदार, बेळगाव–सातारा

धाकट्या भावाने प्रश्न विचारला याचे समाधान वाटले. मी २८ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालो, त्याला आता अकरा वर्षे झाली.

प्रथम फ्लेक्सविषयी. गणवेशातील छायाचित्र एक वेळ ठीक आहे, परंतु त्याखाली पलटणीचा क्रमांक, शेवटच्या तैनातीचे ठिकाण आणि हातात शस्त्र, असे काहीही नसावे. तुमचा भाऊ निवृत्त होत असला तरी त्याची पलटण तिथेच आहे. जे जवान अजून सेवेत आहेत त्यांच्या रजेच्या तारखा, गाडीचे नाव आणि डबा क्रमांकासह व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकण्याची पद्धत तर घरच्यांनी ताबडतोब थांबवावी. २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने जवानांना ८९ ॲप मोबाइलवरून काढून टाकण्याचा आदेश दिला, तो उगाच नव्हे. जवानाने स्वतः ॲप काढायचे आणि पुतण्याने “काका उद्या येणार” म्हणून सगळ्या जगाला कळवायचे, यात काय हशील आहे? तसेच ओळखपत्राचे किंवा कँटीन कार्डाचे छायाचित्र कोणालाही पाठवू नये. अशी छायाचित्रे वापरून ‘मी फौजी आहे, बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात विकतो’ म्हणून लोकांना लुबाडणारे पुष्कळ आहेत.

मिरवणुकीला माझा विरोध नाही. मलाही मिरवले होते आणि मी मनातून सुखावलो होतो, हे कबूल करतो. मात्र डीजेच्या भिंतीसमोर दोन तास उभे राहणे हे ज्याने गोळाबार जवळून ऐकला आहे अशा प्रत्येकाला मानवेलच असे नाही. माझ्या सोबतचा एक नाईक स्वतःच्याच मिरवणुकीत फटाक्यांची माळ लागताच जीपमधून खाली उतरला आणि सरळ शेतात निघून गेला. लोक हसले. मला हसू आले नाही. म्हणून भावाला आधी विचारा. त्याला हलगी आवडत असेल तर हलगी लावा, ती आपली आहे आणि तिच्या आवाजाने छाती दडपत नाही.

आता पुढचे काही महिने. आपल्या जिल्ह्यात लष्करी नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे, एवढी ती जुनी आहे. त्यामुळे ‘फौजीच्या घराला या सगळ्याची सवय असते’ असे आपण गृहीत धरतो. नोकरीची सवय असते, हे मान्य. नोकरी संपण्याची सवय कोणालाच नसते. सैन्यात हवालदाराच्या हाताखाली माणसे असतात, सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत दिवस आखलेला असतो. घरी आल्यावर तोच माणूस पहाटे साडेचारला उठतो आणि त्याला करण्यासारखे काही नसते. मी पहिल्या आठवड्यात दोन्ही सुनांना सकाळी सहाला अंगणात बोलावून दिवसाची कामे वाटून दिली. सौभाग्यवतींनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि मला शेतावर पाठवले. त्यानंतर आमच्या घरात ‘फॉलइन’ झालेले नाही.

त्याच सुमारास खात्यावर पैसे जमा होतात आणि हा सर्वांत धोक्याचा काळ असतो. ग्रॅच्युइटी, सैन्य गटविम्याची रक्कम आणि पेन्शनविक्री, जिला सरकारी भाषेत अंशराशीकरण म्हणतात, असे सगळे मिळून जी रक्कम हाती येते ती अनेकांनी आयुष्यात प्रथमच एकत्र पाहिलेली असते. सैन्यात मूळ पेन्शनच्या निम्म्यापर्यंत भाग विकता येतो आणि तो पुन्हा सुरू होतो तो १५ वर्षांनी, हे गावात सांगायला कोणी येत नाही. प्लॉट दाखवायला मात्र दहा जण येतात, आणि त्यांतील आठ जण नातेवाईक असतात. माझा सल्ला असा की पहिले सहा महिने ती रक्कम बँकेत मुदतठेवीत पडू द्यावी आणि “अजून कागद पूर्ण झालेले नाहीत” असे सर्वांना सांगावे. ते खोटेही ठरत नाही, कारण कागद खरोखरच पूर्ण व्हायचे असतात: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी, माजी सैनिकाचे आणि पत्नीचे ओळखपत्र, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचे कार्ड, कँटीनचे नवे कार्ड. पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, हे बेळगाव सोडण्यापूर्वीच तपासावे. पेन्शनच्या कागदावर ‘सुनीता’ आणि आधारवर ‘सुनिता’ असा ऱ्हस्वदीर्घाचा फरकसुद्धा पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या वेळी आडवा येतो. मी अशा एका विधवा भगिनीसोबत चौदा महिने फेऱ्या घातल्या आहेत.

वय बेचाळीस-त्रेचाळीस असते, म्हणजे माणूस म्हातारा नसतो. कोणी डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती होतो, कोणी माजी सैनिक महामंडळामार्फत सुरक्षारक्षकाचे काम पत्करतो, कोणी शेती करतो. यांतील कोणतेही काम कमीपणाचे नाही, पण मिरवणुकीनंतर तिसऱ्या महिन्यात त्याच माणसाला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा पाहिल्यावर गावातील लोक जे बोलतात ते त्याच्या कानावर येते. मंडळाच्या पोरांना हे जरूर सांगा.

रात्री झोप न लागणे, लहान आवाजाने दचकणे, चारचौघांत न बसणे असे दीर्घकाळ चालले तर लाज न धरता डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक मोफत आहे आणि सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आमच्या वेळी असे काही नव्हते. आमच्या वेळी रम होती, आणि तिने किती घरे बुडवली हे मी पाहिले आहे.

---

दिवाणी वकील, वडूज

वरील दोन्ही प्रतिसाद अनुभवाचे आहेत. माझ्याकडे सैनिकांची घरे येतात ती बहुधा बांधावरून, वाटणीवरून किंवा वारसनोंदीवरून, आणि येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून मंडळाने मदतीचा विचार करताना या बाजूकडेही पाहावे.

नेहमी घडते ते असे. वडील वारतात, धाकटा भाऊ सीमेवर असतो, फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावे बदलण्याची नोटीस घरी येते आणि घरातील कोणीतरी ती सही करून घेतो. हरकत घेण्यासाठी साधारण १५ दिवसांची मुदत असते, आणि त्या पंधरा दिवसांत ज्याचा हक्क आहे त्याला नोटीस आल्याचेही ठाऊक नसते. तो पुढच्या रजेत येतो, सातबारा काढतो आणि मग माझ्या कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. वीस दिवसांच्या रजेतील बारा दिवस त्याने तहसील कचेरीत घालवलेले मी पाहिले आहेत. अशा रजेला घरी येणे म्हणावे का, हा प्रश्न त्याच्या मुलांना विचारावा लागेल.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा शंभर वर्षांचा झाला तरी पुष्कळ वकिलांनाही नीट माहीत नसतो. सैनिक विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत सेवा बजावत असेल आणि त्याच्या वतीने दाव्यात कोणी हजर नसेल, तर न्यायालय त्याच्यापुरते काम स्थगित ठेवू शकते. जिल्हाधिकारीही न्यायालयाला तसे कळवू शकतात. प्रतिवादी सैनिक आहे हे दावा दाखल करणाऱ्याने दाव्यात नमूद करणे अपेक्षित आहे, त्याच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करून घेण्याची तरतूद आहे, आणि अशा सेवेचा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला जातो. अर्थात यासाठी पलटणीकडून योग्य ते प्रमाणपत्र यावे लागते, म्हणून घरच्यांनी नोटीस आल्याबरोबर तिचे छायाचित्र जवानाला आणि जवानाने ते आपल्या कंपनी कमांडरला पाठवावे. कमांडिंग अधिकाऱ्याचे पत्र जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांकडे गेले की प्रकरणाकडे लक्ष दिले जाते, हा अनुभव आहे.

पैशांअभावी वकील करता येत नाही असे कोणी म्हणत असेल तर तेही कारण उरलेले नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यात जवानाची पत्नी आणि आई दोघीही आल्या. शिवाय २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी साहाय्य केंद्रे उघडण्याची तीत योजना आहे. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात याची चौकशी करावी.

रजेतच उरकून घ्यावे असे एक काम म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ते पत्नीच्या किंवा विश्वासातील व्यक्तीच्या नावे करावे आणि मर्यादित कामांपुरतेच करावे. ‘सर्व अधिकार’ असे मोघम लिहिलेल्या कुलमुखत्यारपत्राने जमीन विकली गेल्याची प्रकरणे माझ्याकडे आहेत, आणि त्यांत विकणारा परका नव्हता. दुसरे, सर्व ठिकाणी नोंदवलेला मोबाइल क्रमांक. बँक, गॅस, आधार, शेतीच्या योजना, सगळ्यांचे ओटीपी तंगधारला किंवा तवांगला असलेल्या मोबाइलवर जातात, तिथे अनेकदा नेटवर्क नसते, आणि इकडे पत्नी सेतू केंद्रात ताटकळत बसते. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवरूनच आणि प्रत्यक्ष शेतात उभे राहून करावी लागते. ती राहून गेली की अतिवृष्टीच्या अनुदानापासून पीकविम्यापर्यंत सगळीकडे अडते. गावातील शिकलेल्या दोन मुलांनी हंगामात एकदा जवानांच्या शेतांवर फेरी मारून घरच्यांना ही नोंद करायला मदत केली, तर मंडळाने साडीवाटपापेक्षा मोठे काम केले असे मी म्हणेन.

---

फौजीची लेक

सर्वांचा आदर ठेवून थोडे वेगळे लिहिते. मला माझ्या वडिलांची मिरवणूक आवडली होती.

मी तेव्हा नववीत होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तोवर नेहमी आईची सही असे आणि दर वर्षी नवे वर्गशिक्षक “वडिलांची का नाही?” असे विचारत. पालकसभेला आई, स्नेहसंमेलनाला आई, सायकलवरून पडले तेव्हाही आई. वडील म्हणजे माझ्यासाठी पत्र्याची काळी ट्रंक, मोजके शब्द आणि परत जाताना हातात ठेवलेली शंभराची नोट. त्या दिवशी सगळे गाव त्यांच्यासाठी रस्त्यावर उभे राहिलेले पाहिले तेव्हा मला प्रथमच असे वाटले की ते आमच्यापासून दूर होते ते कोणत्या तरी मोलाच्या कामासाठी होते. मुलांना हे कोणीतरी दाखवावे लागते. तेव्हा मिरवणूक मोडीत काढू नका. फक्त जीपमध्ये वहिनींना आणि मुलांनाही बसवा. आमच्या वेळी आई घरी स्वयंपाक करत होती, दोनशे माणसांचा. तिला ढोलांचा आवाज तेवढा ऐकू आला.

---

खटावचा धाकटा

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व प्रतिसाद मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. मेथीच्या ठिकाणी सगळे हसले आणि मग काही वेळ कोणी काही बोलले नाही.

डीजे रद्द झाला आहे, जेसीबीवर अजून वाद चालू आहे. हलगी ठरली, कारण दादाला फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, “हलगी असली तर मी उतरून नाचीन.” फ्लेक्सवर केवळ नाव आणि ‘स्वागत’ हा शब्द राहील. जेवण गावातील बचत गटाकडे दिले आहे, म्हणजे वहिनी चुलीपाशी अडकणार नाही. जीपमध्ये बसण्याविषयी विचारल्यावर तिने प्रथम साफ नकार दिला, आणि तासाभराने मला बोलावून विचारले की जीप उघडी असेल तर पदर उडेल, त्याचे काय करायचे.

गाडीच्या मदतीसाठी सध्या चार घरांनी नावे दिली आहेत आणि चारही घरांतील बायकांनी होकार दिला आहे. ती नावे आणि फोन क्रमांक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावायचे ठरले होते, परंतु सुभेदार काकांचे वाचल्यावर आम्ही विचार बदलला. आता ती चिठ्ठी ३१ घरांत हातोहात देणार आहोत. ई-पीक पाहणीसाठी मी आणि आणखी एक जण आहे. वकीलसाहेब, सैनिक कल्याण कार्यालयात मी सोमवारी जात आहे, दादाच्या नोंदणीला काय लागते तेही तिथेच विचारून घेईन.

एका गोष्टीचा उलगडा मात्र झाला नाही. बैठकीनंतर त्या काकूंना मी विचारले की तुमच्या घरासाठी काय करू. त्यांचा मुलगा अरुणाचलमध्ये आहे. त्या म्हणाल्या, “काही नको. तुझा भाऊ आला की त्याला एकदा आमच्याकडे जेवायला पाठव.” मी कारण विचारले नाही. दादाला तसे कळवले आहे.